साण्याखालची टमाट्याची वेल

मी टमाट्याची वेल बोलतेय. काहीतरी बिनसलंय असं मला पहिल्यांदा वाटलं ते अगदी एवढ्याशा गोष्टीवरून. सकाळी उजाडलं, मी अंग सैल सोडलं, आणि आदल्या दिवशी उमललेलं माझं पहिलं फूल देठावर नव्हतं.

फूल आपसूक गळतं तेव्हा देठ आधी पिवळा पडतो, गुडघ्यात वाकल्यासारखा होतो आणि मग सुटतो. माझा देठ हिरवा होता, टोकाशी ओला होता. नखानं खुडल्यासारखा. माझा जीव घाबरा झाला. तशी मी घाबरटच आहे म्हणा. रस्त्यावर टँकरचा भोंगा वाजला, शेजारी कुणी ताट आपटलं, तरी माझी पानं थरथरतात. पण हे वेगळं होतं. माझ्या अंगाला कुणीतरी हात लावून गेलं होतं आणि मला त्याचा पत्ताही लागला नव्हता.

तुम्ही म्हणाल, वेलीचं एक फूल गेलं त्यात एवढं काय? सांगते. त्या फुलावर एका मुलीचं सगळं अडकलेलं होतं.

माझं बी देगलूरचं. उमादेवीच्या आईनं पिकलेल्या टमाट्याचं बी चुलीच्या राखेत चोळून न्हाणीच्या भिंतीला थापून ठेवलं होतं. लेक सासरी निघाली तेव्हा तिनं भिंतीवरची ती खपली उलथन्यानं काढली आणि लेकीच्या रुमालात बांधून दिली. अशी मी तिच्याबरोबर लातूरला आले. लग्न झालं तेव्हा उमादेवी नांदेडच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. वर्ष अर्धंच राहिलं. राहिलेलं पुढं बघू, असं दोन्हीकडची मोठी माणसं म्हणाली होती. पुढं कुणी बघितलं नाही.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्ह्याचं गाव झालं होतं. रस्त्यारस्त्यावर नव्या पाट्या, नव्या जीपगाड्या, भाड्याच्या घरात थाटलेल्या कचेऱ्या. नळाला मात्र पाणी नव्हतं. पाऊस दुसऱ्या वर्षीही दडी मारून बसलेला. बाहेर हिरवं असं काही टिकतच नव्हतं. अंगणात रोप लावलं की शेळ्या खात, शेळ्यांतून वाचलं की ऊन खाई. म्हणून पोळ्याच्या सुमाराला उमादेवीनं मला घरात लावलं. तेलाच्या रिकाम्या डब्याला तळाशी खिळ्यानं भोकं पाडली, काळी माती आणि शेणखत भरलं, आणि डबा माजघरात साण्याखाली ठेवला. माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, घरांना खिडक्या कमी. उजेडासाठी छतालाच एक भोक ठेवतात, त्याला आमच्याकडं साणं म्हणतात. त्यातून उन्हाचा एक चौकोन खाली पडतो आणि दिवसभर फरशीवरून सरकत जातो. उमादेवी माझा डबा त्या चौकोनामागं ओढत राहायची. सकाळी पश्चिमेच्या भिंतीशी, दुपारी मधोमध, उतरतीला धान्याच्या कणग्यांपाशी. शहाबादी फरशीवर पत्रा असा खरखरायचा की दरवेळी ती दचकायची आणि तिच्याबरोबर मीही.

"काय गं ती खरखर!" आतून सासू ओरडायची. "घर हाय का पिठाची गिरणी?"

सासूचं नाव शांतम्मा. नावात शांती, तोंडात नाही. पण वाईट बाई होती असं मी म्हणणार नाही. म्हणायचं ठरवलं होतं, पण आता जमत नाही.

मी वीतभर झाले होते तेव्हाची गोष्ट. उमादेवी पिण्याच्या घागरीतलं पाणी तांब्यात घेऊन माझ्या बुडाशी ओतत होती. एरवी ती हात धुतलेलं, तांदूळ धुतलेलं पाणीच घालायची. त्या दिवशी मी मान टाकली होती म्हणून तिला राहवलं नाही. तेवढ्यात मागून आवाज आला.

"प्यायचं पानी? झाडाला?"

तांब्या तिच्या हातातून निसटता निसटता राहिला. खरं सांगायचं तर काय झालं असतं? चार शब्द ऐकून घ्यावे लागले असते. पण घाबरलेल्या माणसाच्या तोंडून जे आधी सुटतं तेच तिच्या तोंडून सुटलं. "आत्याबाई, देवासाठी... पूजेला फुलं होतील म्हणून."

शांतम्माचा चेहरा एकदम उतरला. म्हणजे राग उतरला. "अगं बया! मग आधी न्हाई का सांगायचं? बाजारात झेंडूची पाकळी दिसंना झालीय." त्या दिवसापासून तिच्या पूजेचं पाणीही मला मिळायला लागलं. लिंगायतांच्या रीतीनं गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घेऊन ती रोज पूजा करायची. लिंगावरून ओघळलेलं पाणी पायदळी येऊ नये म्हणून ते माझ्या मुळाशी घालायची आणि बोटाला उरलेली विभूती माझ्या पानांना पुसायची. मी वाढले ते त्या पाण्यावर. ते कसं विसरू?

मग पैजेचा दिवस आला. सासरे वीरभद्रप्पा गंजातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या, दुकानातून जेवायला आले होते. नवरा भुजंग त्यांच्या शेजारी पाटावर. उमादेवी भाकरी वाढत होती. माझ्या शेंड्याला तेव्हा पहिल्या कळ्या धरत होत्या. वीरभद्रप्पांनी घास थांबवून माझ्याकडं बघितलं.

"आपल्या हिरीत बेडूक ऱ्हायला न्हाई, अन् हितं सूनबाईच्या डब्यात मळा पिकून राहिला!"

भुजंग हसला. मग कोण जाणे कुठून बळ आलं, भाजीचं पातेलं हातात धरूनच उमादेवी म्हणाली, "मामंजी, परीक्षा मार्चमध्ये आहे. नांदेडला मामाच्या घरी राहिले असते. एवढं वर्ष झालं की..."

पुढचं वाक्य पातेल्यात पडलं.

"जायाचंय व्हय?" सासऱ्यांनी मिशीवरून हात फिरवला. त्यांना गंमत आली होती. "बरं. येळवशीच्या भज्जीत तुझ्या ह्या वेलीचा एक टमाटा पडू दे. एकच. मी सोता तुला नांदेडच्या गाडीत बसवून देतो. शिवाची आण."

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावास्या. त्या दिवशी लातूरकडचं माणूस घरात जेवत नाही. सगळं गाव शेतात जातं, कडब्याची कोप म्हणजे खोपटं उभारून पूजा करतं आणि भाज्या-शेंगांची भज्जी, ताकातली आंबील पोटभर खातं. ह्या साली शेतात तुरीची शेंगसुद्धा नव्हती, मग भाजी कुठली? म्हणूनच सासऱ्यांना ती पैज म्हणजे निव्वळ विनोद वाटला. भुजंगही म्हणाला, "अप्पा, तुमी हरताव बघा," आणि पाणी पिऊन उठला. उमादेवी मात्र माझ्याकडं अशी बघत राहिली की माझ्या कळ्यांना घाम फुटला.

शांतम्मा तेव्हा देवघराच्या कोनाड्यापाशी पूजेला बसलेली होती. डोळे मिटलेले, तळहातावर लिंग. पूजेत बसलेल्या माणसाला बाहेरचं काही ऐकू जात नाही असं सगळे धरून चालतात. मी समोरच होते. नांदेड म्हटल्याबरोबर तिच्या पापण्या हलल्या.

आणि मग ते पहिलं फूल गेलं.

उमादेवीला वाटलं, गळालं. कॉलेजात शिकलेलं तिला आठवलं. घरात वारा नाही, मधमाशी नाही, परागकण जागचे हलत नाहीत, म्हणून फूल फळ न धरता गळतं. मग रोज सकाळी भांडी घासायच्या आधी ती प्रत्येक फुलाच्या देठाला बोटानं हळूच टिचकी मारायला लागली. पिवळी धूळ तिच्या नखावर बसायची. "धर ना गं," ती पुटपुटायची. मी धरतच होते. माझ्यात काही खोट नव्हती! मी तिला किती ओरडून सांगितलं, अगं फूल गळत नाही, पहाटे न्हाणीतून ओल्या केसांनी कोण बाहेर येतं ते बघ. पण माझी हाक म्हणजे काय, एखादं पान हललं तर हललं. ती म्हणायची, आज साण्यातून वारा येतोय वाटतं.

शेवटी तिनं बघितलंच. पूजा चालू असताना ती तांब्या भरून ठेवायला गेली, आणि शांतम्माच्या तळहातावर, लिंगाच्या माथ्याशी, माझं फूल.

ती दारात उभी राहिली. तिचे ओठ हलले. "आत्याबाई." इतक्या बारीक आवाजात की मीच ते जेमतेम ऐकलं. शांतम्मानं डोळे उघडले नाहीत. उमादेवी परत फिरली. काय बोलणार होती? फुलं देवासाठी, हे तिचंच तोंड बोललं होतं. आता खोटं बोलले म्हणायचं, तेही देवाचं नाव घेऊन, तेही पिण्याचं पाणी घालताना. ती चुलीपाशी जाऊन बसली आणि भाकरी करपून गेली.

त्यानंतर तिनं किती वाटा शोधल्या! भुजंगला सांगून कुठूनतरी झेंडूची चार फुलं आणवली. शांतम्मानं झेंडूही वाहिला आणि मलाही वाहिलं. एकदा थंडीचं निमित्त करून तिनं मला गोणपाटानं झाकलं. पहाटे गोणपाट बाजूला झालं, फूल गेलं, आणि गोणपाट होतं तसं नीट घडी मोडू न देता पुन्हा माझ्यावर आलं. इतकी निगुतीची बाई. भुजंगला तिनं एकदा विचारलं, "तुम्ही आत्याबाईंना सांगता का, थोडी फुलं ठेवा म्हणून?" तो सदऱ्याची बटणं लावत होता. "बायकांच्या फुलाफळात मला कामून वढतीस?" म्हणाला आणि दुकानात गेला. घरातली पुरुषमाणसं माझ्याकडं बघून हसायची तेवढीच. डबा ओढायला कधी कुणी हात लावला नाही.

एक गोष्ट मला खटकत होती. शांतम्मा उमललेलं फूल नेते, ठीक, देवाला लागतं. पण ती कळ्याही खुडायला लागली होती. मुक्या, हिरव्या, मिटलेल्या कळ्या. त्या तर पूजेला चालत नाहीत. त्या ती पदराच्या टोकात बांधायची.

मग एका पहाटे ती माझ्याजवळ बसली. घर झोपलेलं. साण्यातून गार हवा उतरत होती. तिचे हात थंडीनं सुरकुतलेले, आणि ती माझ्याशी बोलायला लागली. माणसं झाडांशी बोलतात, कारण झाडं कुणाला सांगत नाहीत असं त्यांना वाटतं.

"फळू नको बाई," ती म्हणाली. "तू फळलीस की ती चालली नांदेडला. मालकाची जबान हाय, ते फिरत न्हाईत. मग मी काय करू? लेकी एक उदगीरला, एक सोलापूरकडं. मालक गंजात, भुजंग गंजात. दिसभर ह्या भिंतीसंगं बोलू? ती तरी कुठं बोलती म्हणा. पर बांगड्या वाजत्यात तिच्या. तेवढा आवाज असतो घरात." असं म्हणत तिनं एक कळी खुडली. दुसरी खुडली. तिच्या डोळ्यांतलं पाणी माझ्या मातीत पडलं. बाकी त्या साली घरात पाणी जपूनच वापरत होते.

मला तिची कीव आली असेल असं तुम्हाला वाटेल. आली नाही. माझे देठ एकामागून एक ओले होत होते, त्यांना कीव कशी येणार? एका बाईला घरात आवाज हवा म्हणून दुसरीनं गप्प राहून जन्म काढायचा, हा कुठला न्याय? आणि दोघींच्या मधे मी, दोघींच्या हातचं पाणी पिऊन.

तरी माझ्यातलं एक फूल वाचलं. कसं ते मलाही नीट सांगता येत नाही. डबा आणि कणगी यांच्या सांदीत, सगळ्यात खालच्या फांदीवर ते उमललं होतं. तिथं उजेड नाही, कुणाची नजर नाही. उमादेवीनं मात्र डबा ओढताना ते बघितलं, टिचकी मारली आणि घाईघाईनं गोणपाट त्या बाजूला सरकवून ठेवलं. पुढं काही दिवसांनी तिथं ज्वारीच्या दाण्याएवढा हिरवा मणी दिसला. उमादेवी तिथंच फरशीवर बसली. हसली नाही, रडली नाही. भीत भीत इकडंतिकडं बघितलं आणि गोणपाट ओढलं.

तेव्हापासून तिनं डबा ओढणंच बंद केलं, खरखरीनं कुणाचं लक्ष जाऊ नये म्हणून. त्याऐवजी ती आपला लग्नातला आरसा घेऊन उन्हाच्या चौकोनात बसायची, केस विंचरतेय असं दाखवायची, आणि आरशातलं ऊन सांदीत त्या फळावर पाडायची. शेजारच्या मल्लम्मा एकदा नमस्कार घालत डोकावल्या.

"शरणार्थ! काय गं, दुपार दुपार आरशासमोर? नांदेडची हवा अजून उतरली न्हाई वाटतं!"

शांतम्मा फणकारली, "बसू द्या हो. तुमच्या घरचा आरसा झिजला का?" सुनेची बाजू घेणारं ते एक वाक्य उमादेवीनं मान खाली घालून ऐकलं. तिच्या हातातला आरसा कलला आणि ऊन फळावरून घसरून भिंतीवर गेलं.

मणी बोराएवढा झाला, लिंबाएवढा झाला. येळवस जवळ आली तसा त्याच्या बुडाशी पिवळा रंग उतरला, मग नारिंगी. मी माझ्याकडचं सगळं त्या एकाच फळात ओतलं. त्यामुळं आता माझी ही दशा आहे. खालची पानं वाळून कागदासारखी झाली आहेत, शेंडा झुकलाय, खोडाला बांधलेली सुतळी सैल पडलीय. टमाट्याची वेल एकच हंगाम जगते. मला त्याचं दुःख नाही.

मला तुमच्याकडं एकच मागायचं आहे, आणि ते आत्ताच मागून घेते, कारण पुढचं सांगून झालं की माझ्यात बोलण्याचं त्राण उरायचं नाही. तुमच्या घरात कुणी बारीक आवाजात हाक मारत असेल, तर ऐकू आलं नाही असं करू नका. माणसं माझ्यासारखी नाहीत. त्यांना प्रत्यक्ष आवाज आहे. तो वापरायची वेळच येऊ न देणं, हे फुलं खुडण्यासारखंच आहे. फुलं खुडणारा कितीही भक्तिभावानं खुडो.

येळवशीची पहाट. घरात लगबग होती. आंबिलीचं मडकं भरलेलं, बाजरीच्या उकडलेल्या उंड्यांची टोपली बांधलेली. बाहेर भुजंग बैलगाडीला जू लावत होता, सासरे ओसरीवर फेटा गुंडाळत होते. उमादेवी न्हाणीत होती. न्हाऊन आली की फळ तोडायचं, ओच्यात घालायचं, आणि शेतात सगळ्यांसमोर भज्जीच्या पातेल्यात टाकायचं, असं तिनं ठरवलं असावं. रात्रीपासून तिनं मला तीनदा येऊन बघितलं होतं.

शांतम्मा पूजेसाठी फूल शोधायला आली. वरती एकही नव्हतं. तिनं माझ्या फांद्या बाजूला केल्या, गोणपाट उचललं, आणि तिचा हात सांदीत गेला. बोटं फळाला लागली. ती थबकली. मग पाचही बोटं त्याच्याभोवती मिटली. मी सगळं अंग ताणून धरलं, पण माझा तो देठ पिकलेला होता. नुसत्या धक्क्यानं सुटला.

"आत्याबाई!"

माझ्या जन्मात मी असा आवाज ऐकला नव्हता. न्हाणीच्या दारात उमादेवी, केसांतून पाणी गळतंय, लुगडं अर्धं ओलं. भिंती दणाणल्या. बाहेर बैल बुजला. पहिल्यांदाच असं झालं की मोठा आवाज होऊन ती दचकली नाही.

"आत्याबाई, तो माझा आहे! देवाचा नाही, माझा आहे. फुलंही माझीच होती. मी खोटं बोलले होते, घाबरले होते म्हणून. मला जायचंय, तेही सांगायची हिंमत नव्हती. द्या तो इकडं!"

"काय झालं गं? कोण वरडलं?" ओसरीवरून सासऱ्यांचा आवाज आला.

शांतम्मा डब्याला धरून उठली. तिचा डावा हात पुढं आला, रोज ज्यावर लिंग असतं तो, आणि मूठ उघडली. तळहातावर माझं एकुलतं एक फळ, अजून नीट लालसुद्धा न झालेलं.

"घे," ती म्हणाली. "मला ठावं व्हतं. पैलेपासून ठावं व्हतं. तू गेलीस की ह्या घरात मला हाक मारणारं कुणी ऱ्हात न्हाई, म्हणून खुडत राहिले. अन् बघ पोरी, लग्न होऊन आलीस तवापासून तू मला हाक तर आज मारलीस."